हात थांबतो, कावळा थांबत नाही

आमच्या घराण्यात हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात काही नाही, असतं एकेकाचं. आजोबा चहा घेऊन माजघरातून ओटीवर येत, तेव्हा कप आणि बशी एकमेकांशी इतकं बोलत की वर्दी द्यायला वेगळं खाकरावं लागत नसे. वडिलांचा हात पोस्टात पैसे मोजताना थरथरायचा. माझा फक्त कॅमेरा हातात आला की थरथरतो, बाकी वेळी तो बऱ्यापैकी सभ्य असतो.

2013 च्या डिसेंबरात मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. कोळीगीतावर नाच होता, तिच्या डोक्यावर टोपली होती, टोपलीत पुठ्ठ्याचे बोंबील होते. मी कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली लेन्स घेऊन चौदाव्या रांगेत बसलो आणि एकशे दहा फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर मुलीला चार हात होते, टोपल्या दोन होत्या, आणि बोंबील मात्र कुठेच नव्हते. आई म्हणाली, "देवीचा नाच होता का रे?"

त्या रात्री मी ठरवलं, लेन्स घ्यायची. चांगली, व्यावसायिक लोक वापरतात ती. लांबचं जवळ आणणारी आणि हात सांभाळून घेणारी.

ऑफिसातल्या एका फोटोवाल्या मित्राला विचारलं. तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "सेव्हंटी टू-हंड्रेड घे." एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण या सत्तर-दोनशेचं (मराठीत म्हटलं की चाळीतल्या खोलीचा नंबर वाटतो) घर मोठं निघालं. सत्तर-दोनशे म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते त्याचं मिलिमीटरमधलं माप, आणि एफचा आकडा म्हणजे तिचं तोंड किती उघडतं ते; आकडा लहान तेवढं तोंड मोठं. माझा कॅमेरा कॅननचा. कॅननची 1995 सालची एफ 2.8, मग 1999 ची एफ 4, 2001 मध्ये 2.8 ला स्टॅबिलायझेशन (म्हणजे हात सांभाळणं) आलं, 2006 मध्ये चारला आलं, आणि 2010 मध्ये 2.8 ची दुसरी आवृत्ती. आडनाव एकच, रंग एकच पांढरा, आणि पाच भावंडांत कुठली कोणाची हे लग्नाच्या पंगतीत ओळखावं तसं ओळखायचं. वरचा लाल पट्टासुद्धा सगळ्यांना सारखाच.

बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "पांढरी? मळेल." मी म्हटलं, एवढ्या मोठ्या लेन्स उन्हात तापतात, आतल्या काचांना ते सोसत नाही, म्हणून पांढरा रंग. ती म्हणाली, "आपण उन्हाचं बाहेर कधी पडतो?" हा मुद्दा मी नोंदवून घेतला. मग तिनं किंमत विचारली. आमच्या घरात तेव्हा सगळ्या किमती ओट्यात मोजल्या जात, कारण स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता. फ्रिज म्हणजे पाव ओटा. कोकणातली सहल म्हणजे ओट्याचं सिंक. 2.8 ची दुसरी आवृत्ती म्हणजे अख्खा ओटा, ग्रॅनाइटसकट, वर शेगडीसुद्धा.

"आणि ती दुसरी? चारवाली?"

"अर्धा ओटा."

"मग ती घे की. हात तीही सांभाळते ना?"

इथे मला खरं उत्तर येत नव्हतं, म्हणून मी महिनाभर अभ्यास केला. एवढा अभ्यास बारावीला केला असता तर लेन्स विकत घ्यायची ऐपत आधीच आली असती. जे कळलं ते असं. लेन्सच्या पोटात दोन छोटे जायरो, म्हणजे हालचाल ओळखणारे सेन्सर, असतात. हात वर-खाली किंवा आडवा हलला की त्यांना लगेच समजतं, आणि आतल्या काचांचा एक गट उलट्या बाजूला सरकतो. म्हणजे मी चुकतो तेवढंच ती उलटं चुकते, आणि दोघांची बेरीज शून्य. हे तंत्र एसएलआर (म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पहिल्यांदा कॅननच्याच 75-300 मध्ये आलं, 1995 साली. माझा हात त्याच्या कितीतरी आधीपासून थरथरतोय, पण जपानला कळायला वेळ लागला असेल.

जुने फोटोग्राफर सांगत, दोनशेची लेन्स हातात धरायची तर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून मंद ठेवू नये. तेव्हाच्या नव्या लेन्स म्हणत, आम्ही चार स्टॉप सांभाळू. स्टॉप म्हणजे काय हे मला वडिलांच्या पैशांतून कळलं. एक स्टॉप म्हणजे निम्मं, मग तो शटरचा वेग असो की उजेड. रुपयाचे आठ आणे, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार स्टॉप म्हणजे रुपयाचं काम एका आण्यात. दोनशेव्या भागाऐवजी सेकंदाच्या साधारण बाराव्या भागालासुद्धा फोटो न हलता येईल. हे मी घरात मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आई म्हणाली, "आणे तर कधीच बंद झाले."

मग मुंबईला गेलो. फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. एका अरुंद दुकानात काउंटरमागच्या शेठनं दोन्ही लेन्स माझ्यासमोर ठेवल्या. आधी 2.8 उचलली. म्हणजे उचलायला गेलो, तर ती काउंटरशीच राहिली. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी उचलली. शेठ म्हणाला, "बाहर देखो, साहब." समोर विजेच्या तारेवर एक कावळा बसला होता. दोनशेवर नेऊन त्याच्याकडे पाहिलं, तर व्ह्यूफाइंडरमध्ये कावळा, तार आणि मागची इमारत, तिघंही भजनाला लागल्यासारखे डोलत होते. मी बटण अर्धं दाबलं. लेन्सच्या पोटातून बारीकसा घर्र आवाज आला, आणि तो आख्खा देखावा कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखा शांत झाला. कावळ्याच्या चोचीवरचा ओरखडा दिसला. माझे स्वतःचे हात हलत होते हे मला जाणवत होतं, पण दिसत नव्हतं. आजोबांना अशी एक बशी मिळायला हवी होती, असं वाटून गेलं.

मी फोटो काढला. त्याच क्षणी कावळ्यानं मान वळवली. मागच्या पडद्यावर तार लख्ख, इमारत लख्ख, आणि कावळ्याच्या मानेच्या जागी काळा धूर.

शेठनं माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "हाथ रोकेगा साहब, कौआ नहीं रोकेगा."

महिनाभराच्या अभ्यासात मला जे उमगलं नव्हतं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. हाताचा आजार जायरोवर बरा होतो. नाचणाऱ्या पोरीला थांबवायचं तर शटरच चपळ हवं, त्यासाठी उजेड हवा, आणि जास्त उजेड आत घ्यायचा तर लेन्सचं तोंड मोठं हवं. चारवालीच्या तोंडाला 67 मिलिमीटरचा फिल्टर लागतो, 2.8 ला 77 चा. 2.8 उजेड घेते दुप्पट. वजन 760 ग्रॅमला 1490, म्हणजे जवळपास दुप्पट. पैसे, ओट्याच्या हिशेबात, दुप्पट. इतका प्रामाणिक त्रैराशिकाचा हिशेब मी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात पाहिलेला नाही.

पुण्यात परत आल्यावर प्रश्न उरला तो वजनाचा. 1490 ग्रॅम आपल्याच्यानं धरवतील का? बायको म्हणाली, "धरून बघ." मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कांदे मोजले. मोठे आठ बसले, नववा टाकला की काटा पुढे जाई, म्हणून लसणीचा अर्धा गड्डा घातला. हे सगळं जुन्या पायजम्याच्या एका पायात भरलं आणि दोन्ही टोकांना गाठ मारली. आकार हुबेहूब लेन्सचा आला, फक्त रंग निळ्या पट्ट्यांचा. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या तळहातावर पायजमा, डावं कोपर बरगडीला टेकलेलं, श्वास रोखलेला. असा मी रोज सकाळी गॅलरीत पाच मिनिटं उभा राहू लागलो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मिनिटाला दंडातून कळ आली. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालताना थांबल्या. पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय हो, कांदे कुणाला दाखवताय?"

मी म्हटलं, "लेन्स आहे."

काकू आत गेल्या. त्यानंतर आठवडाभर त्यांनी आमच्या घरी वाटी परत पाठवताना बायकोची चौकशी जरा जास्तच आपुलकीनं केली.

मित्र म्हणाला, विकत घेण्याआधी भाड्यानं घेऊन बघ. पुण्यात लेन्स भाड्यानं मिळतात हे मला नवीनच होतं. अनामत रक्कम, पॅन कार्डाची झेरॉक्स, आणि दोन दिवसांसाठी 2.8, शिवाय लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, दोनपट करणारा एक्स्टेंडर. हा एक्स्टेंडर म्हणजे सासरचा पाहुणा. दोनशेचे चारशे करतो, पण दोन स्टॉप उजेड खाऊन बसतो, रुपयाचे चार आणे उरतात. 2.8 चं 5.6 होतं. तोच चारवालीला लावला तर 8 होतं, आणि माझ्यासारख्या कॅमेऱ्यात मग ऑटोफोकस चालतच नाही. म्हणजे नाच आणि पक्षी असे दोन्ही संसार एकाच लेन्सवर करायचे तर 2.8 च. बायकोसमोर हा मुद्दा मी कागदावर आकृती काढून मांडला. तिनं त्या कागदाच्या मागे वाण्याची यादी लिहिली.

पहाटे चारला निघून सोलापूर रस्त्यानं भिगवणला गेलो. उजनीचं बॅकवॉटर, कुंभारगावचा काठ, थंडी, आणि पाण्यात दूरवर गुलाबी रेघ. नावाडी पोरगेलासा होता, कानटोपी घातलेला. त्यानं माझी लेन्स लांबूनच पाहिली आणि म्हणाला, "दोन-आठ, सेकंड व्हर्जन. टू-एक्स लावलाय व्हय?" मी महिनाभरात जे शिकलो ते त्याला लेन्सची टोपी पाहून कळत होतं.

रोहित पक्ष्यांचा थवा डोकी पाण्यात घालून उलट्या चोचीनं काहीतरी गाळत होता. नावाड्यानं बांबूनं नाव हळूहळू रेटली. मी बटण अर्धं दाबलं, लेन्स घुरघुरली, माझे हात थांबले. पण नाव कुठे थांबते? ती आपली पाण्यावर डुलत होती, आणि लेन्सचा करार हाताच्या थरथरीशी होता, धरणाशी नव्हता. गुलाबी रेघ चौकटीतून वर जाई, खाली जाई, मधूनच एखादा चित्रबलाक न विचारता आत येई. तेवढ्यात थवा उडाला. पंखांच्या खालचा काळा-लाल रंग एकदम उघडला आणि मी वेड्यासारखा त्यांच्या मागे कॅमेरा फिरवू लागलो.

"सायेब, मोड दोन लावा की!"

"काय?"

"बाजूला बटण हाय. उडत्याला मोड दोन. न्हायतर ती लेन्स तुमच्याशी भांडती."

खरंच होतं. पहिल्या मोडमध्ये मी कॅमेरा आडवा फिरवतोय हीसुद्धा तिला चूक वाटते, ती सावरायला जाते. दुसऱ्या मोडमध्ये आडवं फिरणं ती माफ करते आणि फक्त वर-खालीचं बघते. मी बटण शोधून सरकवलं तोवर थवा डिकसळच्या बाजूला उतरला होता. तुला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर तो म्हणाला, "कुणी न्हाय. गिऱ्हाईक एकमेकांना वरडत्यात, आम्ही ऐकतो."

काठावर येऊन फोटो पाहिले. रोहित तांदळाच्या गुलाबी दाण्याएवढे होते. त्यानं पडद्यात डोकावून सहानुभूतीनं मान हलवली. "चारशेत काय व्हत न्हाय सायेब. टॅमरॉनची नवी आलीया, दीडशे-सहाशे. ती घ्या." मी विषय चिलापीच्या कालवणावर नेला. भाकरी गरम होती. तेवढं एक त्या दिवशी धड जमलं.

तरी मी 2.8 च घेतली. ओटा पुढच्या वर्षावर गेला. बायको त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त जुन्या ओट्याच्या फुटलेल्या कडेवर रोज पोळपाट जरा जोरात ठेवू लागली.

डिसेंबर 2014. पुन्हा स्नेहसंमेलन. दंड कांद्यांनी तयार झालेले, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, मोडसुद्धा बघून घेतलेला. नाच कुठलाही असो, पोरीचे हात दोनच आले पाहिजेत. पडदा वर गेला आणि पर्यावरणावरची नाटिका सुरू झाली. आमची मुलगी झाड होती. अंगावर हिरवा कागद, दोन्ही हात फांद्यांसारखे वर, आणि बाईंनी बजावलेलं की अजिबात हलायचं नाही. ती हलली नाही. अकरा मिनिटं ती पापणीसुद्धा विचार करून लववत होती.

चारवालीनं हे काम एका आण्यात केलं असतं. बायकोच्या हेच मनात आलं असणार, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी मुकाट्यानं शटर तिसाव्या भागावर आणलं, बटण अर्धं दाबलं. घर्र. झाडाचं पान न् पान थांबलं. आता फोटो काढणार, तेवढ्यात दोन रांगा पुढच्या एका गृहस्थांनी टॅब्लेट वर केला. नाटिकेतला सूर्य त्यांचा असावा. माझ्या चौकटीत स्टेज गेलं आणि टॅब्लेट आला, आणि त्या टॅब्लेटच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, माझी मुलगी. छोटीशी, पण स्वच्छ. मी म्हटलं, चला, तीच घेऊ. फोकस टॅब्लेटवर नेला, दाबलं. हललेला. पुन्हा दाबलं. पुन्हा हललेला. माझा हात थांबला होता, पुढच्यांच्या खुर्च्यांच्या पाठी लख्ख आल्या होत्या, तो टॅब्लेट तेवढा सारखा थरथरत होता.

शेवटी मी पुढे वाकलो. "काका, जरा स्थिर धरता का?"

ते ओशाळून मागे वळले. "थरथरतो हो हात," ते म्हणाले. "आमच्या घराण्यातच आहे."