हीटर दिसायला छान हवाच, पण आधी प्लग बघा

खोली गरम करणारा हीटर कसा निवडावा यावरचा लेख वाचला. त्यात हीटरचा रंग, काचेचं पॅनेल, लाकडी पाय यांवर भरपूर आहे. सॉकेटबद्दल मात्र एक ओळही नाही. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर करंट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच लागतो. ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवला, तर सैल पिनांपाशी उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. कृपया असं करू नका. प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर लगेच बंद करून सॉकेट बदलून घ्या.

महाग मॉडेल वीज वाचवतं हाही गैरसमजच. हीटर क्वार्ट्‌झ (लाल तापणाऱ्या नळ्यांचा) असो, फॅनचा असो की तेलाचा, विजेच्या एका युनिटमधून उष्णता तेवढीच मिळते. फरक ती पोचण्यात आहे. क्वार्ट्‌झ समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो. तेलाच्या रेडिएटरला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण आवाज नाही, उजेड नाही. नाशिकच्या थंडीत झोपायच्या खोलीसाठी मी तोच सुचवेन. आडवा ठेवून आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा, कारण हीटिंग एलिमेंट तेलात बुडालेलं असावं लागतं.

थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग), कलंडल्यावर बंद होणारा स्विच आणि आयएसआय मार्क नसेल तर कितीही देखणा असो, घेऊ नका. पडद्यापासून तीन फूट लांब ठेवा. त्यावर कपडे तर अजिबात वाळवू नका.