ढेकर आला म्हणून हृदय ठीक आहे असं नाही

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक संदेश आला. दोन दिवसांत तोच संदेश दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांनी मला मोबाइल पुढे करून दाखवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: छातीत धडधडलं की घाबरून हॉस्पिटलात पळू नका, दहातल्या नऊ वेळा तो गॅस असतो. पोटातला गॅस वर चढतो आणि हृदयावर दाब देतो. सोडा-लिंबू घ्या, ढेकर येऊन बरं वाटलं की हृदय ठणठणीत आहे असं समजा. ईसीजी नॉर्मल असेल तर प्रश्नच मिटला. बायकांना आणि तरुणांना तर हा त्रास पित्तानेच होतो. पुन्हा होऊ नये म्हणून रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची एक कॅप्सूल घ्या, तिचा काही अपाय नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण "ताई, गॅसवर काहीतरी द्या" हे वाक्य मी रोज दहा-पंधरा वेळा ऐकते आणि ते म्हणणाऱ्यातल्या एक-दोघांचा हात पोटावर नसतो, छातीवर असतो. म्हणून या संदेशातलं एकेक वाक्य घेऊन बोलणं मला भाग आहे.

आधी त्यातलं खरं ते मान्य करू. पोटाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा संबंध असतो. अन्ननलिका छातीतून खाली उतरते ती हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीला लागून. इतकी लागून, की हृदय जवळून बघायचं असेल तर डॉक्टर अन्ननलिकेत नळी घालून तिथून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. शिवाय मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची एकच नस घसा, अन्ननलिका, जठर आणि हृदय अशा सगळ्यांकडे जाते. जठर तुडुंब ताणलं गेलं, आम्ल वर येऊन अन्ननलिका जळजळली, की काही माणसांत त्या नसेवाटे ठोक्यांची लय जराशी हलते. मध्येच एखादा ठोका आगाऊ पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि पुढचा ठोका छातीवर आतून थाप मारल्यासारखा लागतो. जर्मनीतले डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी पोट आणि हृदयाच्या या एकत्र लक्षणांवर १९१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. तेव्हा "पोटामुळे धडधड होऊच शकत नाही" असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पोटावर बोट ठेवायचं ते हृदयाची तपासणी झाल्यावर. संदेशाने हा क्रम उलटा केला आहे, आणि या क्रमावरच माणसाचा जीव अवलंबून असतो.

"गॅस वर चढून हृदयावर दाब देतो" हे चित्र तर मुळातच चुकीचं आहे. गॅस जठरात आणि आतड्यात असतो. त्याला बाहेर पडायच्या वाटा दोनच, वर ढेकर आणि खाली वारा. तो पाठीत शिरत नाही, डोक्यात जात नाही, हृदयाभोवती साचत नाही. मध्ये श्वासपटलाचा स्नायू आडवा असतो. पोट गच्च झालं की श्वासपटल थोडं वर सरकतं, श्वास पुरा भरत नाही, घुसमटल्यासारखं होतं. जठराचा मोठा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकलेला असेल तर त्याचा दाब हृदयाला जाणवू शकतो, पण असे रुग्ण थोडे. आणि भरपेट जेवणानंतर ठोके थोडे वाढतातच, कारण पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त धाडावं लागतं. तो आजार नव्हे. ॲसिडिटी आणि हृदयाचा अनियमित ठोका यांची जोडी मोठ्या नोंदींमध्ये दिसते हेही खरं. पण वाढलेलं वजन, वय, दारू, झोपेत घोरणं ही कारणं दोन्हीकडे सारखीच असतात, त्यामुळे एकाने दुसरं होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही.

आता ढेकराची परीक्षा. मला सर्वांत जास्त भीती याच वाक्याची वाटते.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या. जेवणानंतर कधीतरी एकदम छातीत धडधड सुरू व्हायची, त्या इनो घ्यायच्या, जोर लावून ढेकर काढायच्या, आणि धडधड थांबायची. चार वर्षं असंच चाललेलं. एका शनिवारी तो त्रास माझ्या काउंटरसमोरच सुरू झाला. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली तर ठोके मोजताच येईनात. मानेची शीर उडताना दिसत होती. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लावलं, ठोक्यांचा आकडा मिनिटाला १८६. त्या मलाच धीर देत होत्या, "थांबा हो, ढेकर आला की थांबेल." मी रिक्षा बोलावून त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या फिजिशियनकडे पाठवलं. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला आणि निदान झालं. हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट होती, ठोका त्या वाटेने गोल-गोल फिरत राहायचा. एसव्हीटी म्हणतात त्याला. पुढे पुण्यात हृदयापर्यंत तार घालून त्यांची ती वाट बंद केली.

मग ढेकराने धडधड थांबायची कशी? श्वास कोंडून जोर लावला, उलटी झाली, जोराने ढेकर काढला की व्हेगस नस चेतते आणि तो फिरता ठोका तुटू शकतो. डॉक्टर हाच उपाय मुद्दाम करायला लावतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, जोर लावल्यावर लगेच रुग्णाला आडवं करून पाय उचलून धरले तर ४३ टक्के रुग्णांचे ठोके जागच्या जागी सुरळीत झाले. नुसतं बसून जोर लावणाऱ्यांत १७ टक्के. म्हणजे बाईंचा ढेकर गॅस काढत नव्हता, चार वर्षं हृदयावरचा उपचारच करत होता आणि आजार मात्र झाकला जात होता. अशा धडधडीची खूण अशी: बटण दाबल्यासारखी सुरू होते, बटण दाबल्यासारखी थांबते, आणि नंतर बऱ्याच जणांना भरपूर लघवीला होते. पित्ताची बेचैनी अशी क्षणात येऊन क्षणात जात नाही.

दुसरं उदाहरण घरचं आहे. मी कॉलेजात होते. वडिलांना रात्री साडेदहाला पोटाच्या वरच्या खळगीत जळजळ सुरू झाली, मळमळ, कपाळावर घाम. आईने सोडा कालवून दिला. मोठा ढेकर आला. "बघ, गॅसच होता," म्हणाले आणि झोपले. पहाटे चारला उठवेना. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. वाचले, पण मधल्या साडेपाच तासांत जे स्नायू मेले ते मेलेच. पुढची अकरा वर्षं त्यांना एक जिना धड चढता आला नाही. हृदयाच्या खालच्या भागाची कळ पोटातही जाणवू शकते, सोबत ओकारी येते, आणि ती मध्येच ओसरतेही. ओसरायच्या वेळी हातात सोड्याचा ग्लास असला की श्रेय सोड्याला जातं. उलटही घडतं: जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकासुद्धा सैल होतो. म्हणून कशाने बरं वाटलं यावरून दुखणं कशाचं होतं ते ठरवता येत नाही. ज्यात सोडा कालवला ते पातेलं आईने आजही वापरात ठेवलेलं नाही.

ईसीजीचं म्हणणं लवकर संपतं. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. धडधड आठवड्यातून एकदा होत असेल आणि ईसीजी शांत असताना काढला असेल, तर तो त्या दहा सेकंदांपुरतंच सांगतो. त्यासाठी २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात, कधी त्याहूनही जास्त दिवसांचं. जमलं तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात पट्टी काढून घ्यावी, ती पट्टी जपून ठेवावी. छातीत दुखत असेल तर पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही झटका असू शकतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, तपासतात.

"बायकांना पित्तानेच होतं" या वाक्याचा मला राग येतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. दोन हंडे उचलून आली की धडधडते, तिला आपण पित्ताची गोळी देतो. थायरॉइड वाढलेला असला तरी तेच होतं. पाळी जाण्याच्या वयात तेच होतं. उपाशीपोटी तीन कप चहा, मिशरी, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, जागरण, मनावरचा ताण, या सगळ्यांनी ठोके वाढतात. आणि झटका आला तर बायकांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये छातीत कळ न येता नुसती मळमळ, दम, घाम, गळून जाणं एवढंच दिसू शकतं. जिथे जास्त सावध राहायचं तिथेच हा संदेश निश्चिंत राहायला सांगतो.

आता ती "अपाय नसलेली" कॅप्सूल. इथे मी माझ्या धंद्याबद्दल बोलतेय. कॅप्सूल बहुतेक वेळा दोन औषधांची असते, पॅन्टोप्रॅझोल आणि डॉम्पेरिडोन. चिठ्ठीवर द्यायचं औषध, पण लोक स्ट्रिपचा रिकामा कागद पुढे करून मागतात आणि सर्रास मिळतंही. डॉम्पेरिडोन पोट पुढे ढकलतं, मळमळ थांबवतं. पण प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ ते लांबवतं, आणि काही माणसांत त्यातून ठोक्यांची धोकादायक गडबड होऊ शकते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर बंधनं घातली: दिवसाला ३० मिलीग्रॅमच्या वर नाही, एरवी आठवड्यापेक्षा जास्त नाही, हृदयाचे ठरावीक आजार असलेल्यांना नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स किंवा बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल चालू असताना तर धोका आणखी वाढतो. याच कामाचं सिसाप्राइड नावाचं औषध ठोक्यांच्या गडबडीमुळेच अमेरिकेच्या बाजारातून २००० साली गेलं, आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालं. म्हणजे धडधडीवर उपाय म्हणून रोज जे घ्यायला सांगितलंय, त्यातलं एक औषध धडधडच वाढवू शकतं.

पॅन्टोप्रॅझोल एकटं चांगलं औषध आहे. अल्सरमध्ये त्याने जीव वाचतात, आणि हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात त्यांना डॉक्टर ते मुद्दाम देतात. ते माझं वाचून बंद करू नका. पण चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेतलं तर काही जणांत रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं आणि त्यानेही ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०११ मध्ये तशी सूचना दिली. सोड्याचंही तसंच आहे. अर्ध्या चमचा खाण्याच्या सोड्यात सहाशे मिलीग्रॅमच्या वर सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन हजारांच्या आत राहायला सांगते. बीपीचा किंवा हृदय कमजोर असलेला माणूस दिवसात तीन वेळा सोडा पितो तेव्हा पायावर सूज येते ती कशाने, हे घरात कुणाला कळत नाही.

हृदय तपासून झालं, काही निघालं नाही, आणि त्रास जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावरच होतो, आंबट पाणी घशाशी येतं, तर खुशाल पोटाकडे वळा. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल कमी वर येतं; मात्र त्याच कुशीवर हृदय बरगड्यांना जवळ येतं आणि ठोके जास्त ऐकू येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा रात्री अकराला जेवून लगेच आडवा व्हायचा. त्याचं होल्टर झालं, रक्त तपासलं, सगळं बरं निघालं. जेवण आठला आणल्यावर महिन्याभरात त्याचे ते चुकणारे ठोके जवळजवळ गेले.

पण धडधडीसोबत छातीत दडपण, दम, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही असलं, बसल्या जागी ठोके दीडशेच्या वर असले, घरात कुणी तरुण अचानक गेलेलं असलं, किंवा कळ जबड्यात, हातात, पाठीत जात असली, तर सोडा कालवत बसू नका. १०८ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

संदेश दाखवणाऱ्या त्या तिघांतले तिसरे एकसष्ट वर्षांचे, निवृत्त एसटी वाहक. त्यांना सोड्याच्या पुड्या हव्या होत्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं, मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ठोके फार जलद नव्हते, पण त्यांना ताल नव्हता: दोन जवळ, एक लांब, तीन घाईत. बिलाच्या मागे आकडा आणि 'अनियमित' असं लिहून त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते ईसीजी घेऊन आले. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटणं. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. चिठ्ठीवर पहिलं औषध रक्त पातळ करणारं होतं. त्याच्या खाली, पंधरा दिवसांसाठी, पॅन्टोप्रॅझोलही होतं.