तीन मतांनी निवडून आलेला चित्रकार

महाराष्ट्र विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा सदस्यांचा विषय निघाला की दोन ठरलेली मते ऐकू येतात. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी आहेत, तेव्हा तेथे राजकारणी कशाला, असे एक मत. आणि कलावंताने राजकारणाच्या वाटेला जाऊच नये, असे दुसरे. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने शिफारस केलेली यादी, जिच्यात गायक आनंद शिंदे यांचेही नाव होते, राजभवनात पडून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांत बहुतेक राजकीय पक्षांचीच मंडळी होती. दोन्ही मतांच्या बुडाशी एक समजूत आहे: कलावंत सभागृहात जायचा तो कोणीतरी नेमल्यावरच. मी अमेरिकेतील मिसुरी राज्यात राहतो, आणि ही समजूत येथील एका चित्रकाराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोडीत काढली होती, असे मला वाटते.

जॉर्ज केलब बिंगहॅम १८११ साली व्हर्जिनियात जन्मला आणि वयाच्या आठव्या वर्षी कुटुंबाबरोबर मिसुरी नदीकाठच्या फ्रँकलिन या वसाहतवाल्यांच्या गावी आला. वडील लवकर वारले, आईने मुलींची शाळा चालवली, मुलगा सुताराकडे उमेदवारी करता करता व्यक्तिचित्रे काढू लागला. नदीवरचे केसाळ कातड्यांचे व्यापारी आणि नावाडी यांच्या चित्रांनी त्याचे नाव झाले. यावर मी फार लिहीत नाही, कारण ती चित्रे सुंदर असली तरी माझा मुद्दा १८४६ पासून सुरू होतो.

त्या वर्षी बिंगहॅम व्हिग पक्षाचा (तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक) उमेदवार म्हणून सलीन काउंटीतून, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागातून, राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि तीन मतांनी निवडून आला. प्रतिस्पर्धी इरॅस्मस सॅपिंग्टन याने निकालाला आव्हान दिले, सभागृहात बहुमत त्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, आणि जागा सॅपिंग्टनला मिळाली. चिडलेल्या बिंगहॅमने मित्राला लिहिले की अंगावरचे कपडे पुरून टाकावेत, वाळू-पाण्याने अंग घासून काढावे आणि राजकारणाच्या चिखलापासून कायमचे दूर राहावे. आपल्याकडे कलावंताला जो उपदेश ऐकवला जातो, तोच त्याने स्वतःला केला होता. पण १८४८ साली तो त्याच सॅपिंग्टनविरुद्ध पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला.

या अनुभवातून पुढे निवडणुकांची तीन मोठी चित्रे निघाली, आणि ती सेंट लुइसच्या फॉरेस्ट पार्कमधील कलासंग्रहालयात आहेत. त्यांतले पहिले, १८५२ चे 'द काउंटी इलेक्शन', मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या काळी मिसुरीत मत मोठ्याने सांगावे लागे. चित्रात न्यायालयाच्या ओट्यावर एक मतदार बायबलवर हात ठेवून शपथ घेतो आहे, मागे कारकून वहीत नोंद करत आहेत, आणि पायऱ्यांवर एक उमेदवार टोपी उंचावून शेवटच्या क्षणाची आर्जवे करतो आहे. तो सॅपिंग्टन असावा असे मानले जाते. खाली एका शुद्ध हरपलेल्या माणसाला मतदानासाठी ओढत आणले जात आहे, उजवीकडे डोक्याला पट्टी बांधलेला कोणी खाली मान घालून बसला आहे, आणि डावीकडे एक कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या गिऱ्हाइकाला पेय ओतून देतो आहे. गर्दीत मत नसलेला तोच एक प्रौढ पुरुष. स्त्री तर एकही नाही. निळ्या फलकावर मात्र लोकेच्छा हाच सर्वोच्च कायदा, असे लिहिलेले आहे. थट्टा आणि आदर एकाच चित्रात असा नांदवायला उमेदवार म्हणून त्या पायऱ्यांवर उभे राहिलेलेच असावे लागते. दुरून पाहणाऱ्याने नुसते व्यंगचित्र काढले असते. (या चित्रापुढे माझी स्थिती विचित्र असते: येथील नागरिकत्व नाही म्हणून येथे मत नाही, आणि भारतात अनिवासी नागरिकाला मतदार होता येत असले तरी मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते.)

बिंगहॅमला नेमणुकाही मिळाल्या, हे लपवून चालणार नाही. अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, १८६२ मध्ये, गव्हर्नर गँबल यांनी त्याला राज्याचा खजिनदार नेमले, आणि १८७५ मध्ये तो राज्याच्या लष्करी प्रशासनाचा प्रमुख झाला. पण ही हिशेब देण्याची कामे होती, सभागृह सजवण्याची नव्हेत. त्याच्या कलेला ग्रहण लागले ते पदामुळे नव्हे, रागामुळे. ऑगस्ट १८६३ मध्ये संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यातील जनरल युइंग यांनी 'आदेश क्रमांक ११' काढून कॅन्ससच्या सीमेलगतच्या काउंट्यांतील हजारो लोकांना घरे सोडायला लावली. बिंगहॅम संघराज्याच्याच बाजूचा असूनही त्याने या आदेशाचा निषेध करणारे मोठे चित्र काढले. भूमिका धाडसाची होती, पण चित्रात हात उंचावणारी, कोसळणारी पात्रे नाटकातली वाटतात. पूर्वीच्या चित्रांतली ती मिस्कील नजर तेथे नाही. कलावंताने राजकारणात पडू नये म्हणणाऱ्यांना हा पुरावा मी खुशाल देतो.

तरीही माझे मत बदलत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे १९५७ साली विधानसभेवर निवडून आले होते, म्हणजे हा रस्ता मराठी कलावंताला अनोळखी नाही. नेमणुकीची जागा देणाऱ्याला जपावे लागते. मते मागून मिळवलेल्या जागेवर बसणाऱ्याला मतदारांना. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी नेमणुकीच्या बारांवर आपण वर्षानुवर्षे भांडतो, पण पदवीधर मतदारसंघांच्या सात जागांसाठी एखादा चित्रकार किंवा नाटककार स्वतःच्या बळावर का उभा राहत नाही, हे कोणी विचारत नाही. तेथे प्रत्येक निवडणुकीला मतदारयादी नव्याने तयार होते, त्यामुळे उमेदवाराला आधी घरोघर जाऊन पदवीधरांचे नोंदणीचे अर्ज भरून घ्यावे लागतात, आणि मते मागण्याची पाळी त्यानंतर येते.