‘मिक्सटेप नेटवर आहेत, कॅसेट विकून टाका’: या मजकुरातलं काय काय चुकीचं आहे

नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी हिप-हॉप मिक्सटेपबद्दल (डीजेंनी गाणी एकमेकांत मिसळून भरलेल्या कॅसेटबद्दल) एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: या टेप आता सगळ्या नेटवर आल्या आहेत. कॅसेट दहा वर्षांत मरते, त्यामुळे घरात पडलेल्या टेप निरुपयोगीच. तरी राहवत नसेल तर टेपरेकॉर्डरला मोबाइल जोडा, खरखर काढा, वेग मूळ गाण्याशी जुळवा, ३२० ची (केबीपीएस; आकडा जितका मोठा तितका दर्जा चांगला) एमपी३ करा आणि कॅसेट विकून मोकळे व्हा. १६ किलोहर्ट्झला कापलेली, म्हणजे त्यावरचे उंच सूर नसलेली फाइल दिसली तर ती बनावट (हलक्या एमपी३वरून परत बनवलेली) समजा. गाण्यांची यादी ॲप काढून देतं. कायद्याचं म्हणाल, तर सहा सेकंदांपर्यंतचा सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) फुकट असतो आणि ‘फक्त प्रमोशनसाठी’ असं छापलेली टेप कुणालाही वाटता येते.

यातलं जवळपास एकही वाक्य टिकत नाही. काही वाक्यांप्रमाणे वागलात तर टेपचं न भरून येणारं नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळ्या टेप नेटवर आहेत’

न्यूयॉर्कमध्ये किड कॅप्री, रॉन जी, डू वॉप, टोनी टच या डीजेंच्या कॅसेट रस्त्यावर आणि छोट्या दुकानांतून विकल्या जात. रॉन जीचं नाव झालं ते एका गाण्याचा आवाज दुसऱ्याच गाण्याच्या बीटवर चढवण्यामुळे. टोनी टचने एका टेपसाठी पन्नास रॅपरकडून ओळी म्हणवून घेतल्या. असे तुकडे त्या टेपबाहेर सहसा कुठेच नसतात. शिवाय नव्वद मिनिटांच्या एका टेपमध्ये डझनावारी रेकॉर्डिंगचे वेगवेगळे मालक गुंतलेले असतात. त्या सगळ्यांची परवानगी गोळा करून टेप स्ट्रीमिंगवर आणणं कुणालाच परवडत नाही. डे ला सोलसारख्या नावाजलेल्या गटाचे सुरुवातीचे अल्बमसुद्धा, मुख्यतः सॅम्पलच्या जुन्या करारांमुळे, ३ मार्च २०२३ रोजी स्ट्रीमिंगवर आले. तिथे रस्त्यावर विकलेल्या कॅसेटची काय कथा!

नेटवर जे सापडतं ते बऱ्याचदा एकाच प्रतीचं पिल्लू असतं. हे तपासायला सोपं आहे. एकाच टेपच्या दोन फाइली शेजारी उघडा आणि आवाज क्षणभर दबून खड्डा पडतो त्या जागा पाहा. दोन्हींत त्याच शब्दावर, तितक्याच लांबीचा खड्डा असेल तर त्या फाइली एकाच कॅसेटवरून निघाल्या आहेत. दहा ठिकाणी दिसली म्हणून दहा प्रती आहेत असं होत नाही. ए बाजूचा शेवट किंवा बी बाजूची पहिली मिनिटं गायब असणं तर नेहमीचंच.

‘कॅसेट दहा वर्षांत मरते’

टेपचा पाया पॉलिएस्टरचा असतो आणि त्यावरचं चुंबकत्व काही दशकांत आपोआप उडून जात नाही. नीट ठेवलेल्या सत्तरच्या दशकातल्या कॅसेट आजही वाजतात. निकामी होतात ते आजूबाजूचे भाग. हेडसमोर (टेप वाचणाऱ्या भागासमोर) टेपला मागून दाबणारा फेल्टचा तुकडा गोंद सुकून गळतो. सुरुवातीची पारदर्शक पट्टी आणि टेप यांच्यातला जोड सुटतो. फेल्ट गळालेला असला की आवाज दबका येतो, वरचे सूर येतात-जातात, आणि लोक ‘टेप मेली’ म्हणून ती फेकून देतात.

दुरुस्ती अशी. पाच स्क्रूची एक कोरी कॅसेट दाता म्हणून घ्या. मूळ कॅसेट स्क्रूची असेल तर स्क्रू वर ठेवून उघडा, टेपच्या वाटेचा फोटो काढा आणि दोन्ही चाकं टेपसकट उचलून दात्याच्या कवचात ठेवा. चाकांच्या वर-खाली असलेले पातळ गुळगुळीत कागद विसरू नका, नाहीतर टेप फिरताना अडकते. टेप कोपऱ्यातल्या रोलरवरून येऊन फेल्टच्या पुढून, म्हणजे हेडच्या बाजूने जायला हवी. चिकटवलेलं कवच असेल तर सांध्यात पातळ पातं घालून कोपऱ्यापासून हळूहळू उकलावं लागतं. ते कवच फुटणारच, म्हणून लेबलाचं स्कॅन आधी करून ठेवा. तुटलेली टेप जोडायला कॅसेटच्या रुंदीची, ३.८१ मिलिमीटरची जोडपट्टीच वापरा. सेलोटेपचा गोंद बाहेर पाझरतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटवतो.

टेप ओव्हनमध्ये भाजायचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो उपाय मुख्यतः मागच्या बाजूला लेप असलेल्या, चिकट झालेल्या स्टुडिओच्या मोठ्या रिळांसाठी आहे. कॅसेटला त्याची गरज क्वचितच पडते, आणि प्लास्टिकचं कवच वाकडं होतं ते वेगळंच.

आपल्याकडे खरा शत्रू बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात टेपच्या कडेवर पांढुरके ठिपके खिडकीतून दिसतात. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. वेगळ्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलने आधी वाळवा आणि मगच, मास्क लावून, साफ करा.

‘मोबाइल जोडा, खरखर काढा’

मोबाइलच्या जॅकमध्ये आत जाणारी वाट माइकची असते. ती मोनो असते, बोलण्याच्या आवाजासाठी गाळलेली असते आणि पातळी आपोआप वर-खाली करते. स्टिरिओ टेपचं तिथे वाटोळं होतं. कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये जा. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. जागा मिनिटाला सुमारे ३५ एमबी, म्हणजे नव्वद मिनिटांना ३.१ जीबी लागते. आजच्या डिस्कच्या भावात ही काही मोठी गोष्ट नाही.

पण आधीची तयारी महत्त्वाची. कॅसेटच्या मागच्या दोन्ही टॅब तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; त्यावर टेप दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र साबणाचं सौम्य पाणी, कारण अल्कोहोलने काही रबर कडक होतात. टेप एकदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत आणा. वर्षानुवर्षं तशीच पडलेली टेप घट्ट-सैल झालेली असते आणि पहिल्याच वाजवण्यात वेग डुलतो.

मग अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. ही टेप दुसऱ्याच कुठल्या तरी डेकवर भरली गेली होती, म्हणजे तिचा कोन तुमच्या डेकशी जुळेलच असं नाही. स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशने खूण करून ठेवा, डॉल्बी (डेकमधली सरसर कमी करणारी सोय) बंद करा, दोन्ही चॅनल मोनोमध्ये एकत्र करून ऐका आणि स्क्रू हळूहळू, पाव फेऱ्याच्या आत, पुढे-मागे फिरवा. हाय-हॅट आणि टेपची सरसर जिथे सर्वांत उघडी ऐकू येते तिथे थांबा. कोन जरा हलला तरी मोनोमध्ये हाय-हॅटवर पांघरूण पडल्यासारखं होतं, त्यामुळे जागा सापडते. बी बाजूला हे पुन्हा करा. मधल्या कॉपीच्या वेळी कोन चुकला असेल तर ते नुकसान आता परत येत नाही. आपल्या हातात शेवटची पिढी तेवढी असते.

खरखर काढण्याबद्दल एवढंच: नव्वदच्या टेपमधली बरीचशी खरखर मूळ तबकडीची असते आणि सॅम्पलच्या आवाजाचा तो भागच आहे. नॉइज रिडक्शन ती ओळखत नाही. हाय-हॅटच्या शेपट्या पाण्यात बुडाल्यासारख्या होतात. कच्ची फाइल तशीच ठेवा, हवी तर वेगळी साफ प्रत करा. ऐकायला ३२० ची एमपी३ पुरते, जपायला नाही.

‘वेग मूळ गाण्याशी जुळवा’

सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. डीजे गाण्याचा वेग मुद्दाम बदलतो. डीजेंच्या टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलचा पिच, म्हणजे वेग, अधिक-उणे ८ टक्के हलतो. टेप मूळ गाण्याशी जुळवलीत की त्याने जुळवलेला प्रत्येक बीट तुम्ही खोटा करता. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूच्या टेप तर सबंध मंदावलेल्याच आहेत. तीच त्याची कला. त्या ‘दुरुस्त’ करून वाटणारे लोक आहेत, हे पाहवत नाही.

वेग तपासायचा तो डेकचा. ३००० हर्ट्झची चाचणी टेप लावा. ३०३० दिसलं तर डेक १ टक्का जलद आहे आणि सूर सुमारे १७ सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट) चढे आहेत. बऱ्याच डेकमध्ये मोटरच्या वेगाचं बारीक पेच असतं.

रेकॉर्डिंगच्या वेळचा वेग शोधायला अमेरिकेतली वीज कामी येते. तिथला पुरवठा ६० हर्ट्झचा, आणि मिक्सर किंवा टर्नटेबलच्या अर्थिंगमधून त्याचा गुंजारव टेपवर उतरलेला असतो. फाइलची एक प्रत ६००० हर्ट्झच्या सॅम्पलिंग दरावर आणा, संगीत नसलेला दहा-अकरा सेकंदांचा तुकडा निवडा आणि ६५,५३६ बिंदूंचा एफएफटी (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख) काढा. प्रत्येक घर ०.०९ हर्ट्झचं मिळतं. रेष ५८.८ वर दिसली तर टेप २ टक्के हळू वाजते आहे. भारतात बसून काम करताना एक फायदा मिळतो: आपल्या डेकचा गुंजारव ५० वर पडतो, त्यामुळे तो टेपवरच्या रेषेत मिसळत नाही. ६० च्या आसपास दोन रेषा दिसल्या तर मध्ये किमान एक कॉपी झाली आहे. ३० हर्ट्झजवळ रेष असेल तर ती कॉपी दुप्पट वेगाने काढलेली असण्याची शक्यता मोठी. रेषा कुठली कोणाची हे नक्की होत नसेल तर वेगाला हात लावू नका, दोन्ही आकडे टिपणात लिहून ठेवा.

‘१६ किलोहर्ट्झला कापलेली फाइल बनावट’

१२८ ची एमपी३ साधारण तिथेच कापते, हे खरं. पण कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर ८९.९ वर १९९० ते १९९८ चाललेल्या स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटोच्या कार्यक्रमासारख्या कितीतरी टेप लोकांनी घरी रेडिओवरून भरल्या. एफएम स्टिरिओ १५ किलोहर्ट्झच्या वर संगीत पाठवतच नाही आणि १९ वर पायलट (स्टिरिओची खूण देणारा) सूर असतो. म्हणून अशा टेपवर उंच सूर १५ ला थांबतात. फरक सरसरीत आहे. रेडिओची टेप असेल तर १५ च्या वरही टेपची स्वतःची सरसर चालू राहते. एमपी३ची असेल तर वर काळं कोरं, नाहीतर चौकोनी भोकं. या एका गैरसमजामुळे चांगल्या टेप ‘बनावट’ ठरवून टाकून दिल्या जातात.

‘यादी ॲप काढतं’

थोडीफार काढतं. पण पिच बदललेलं किंवा वर बोलणं असलेलं गाणं त्याला चकवतं, आणि प्रोमो रीमिक्सला ते बिनदिक्कत अल्बमचं गाणं म्हणतं. सॅम्पल ओळखायचा असेल तर काम आणखी अवघड. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रामध्ये एकूण सुमारे १० सेकंदच मावत, तेही १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झवर. म्हणून निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर वाजवून भरत आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवत. खाली उतरवताना नेमका तोच वेग साधतोच असं नाही, शिवाय आवाज खरबरीत होतो. तुकडा अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली करत ऐका, आणि मिनिट-सेकंद व रॅपची पहिली ओळ टिपा. यादी शेवटी माणसालाच पुरी करावी लागते.

‘सहा सेकंद फुकट’

असा नियम अमेरिकेत नाही, भारतातही नाही. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धचा निकाल लागला आणि सॅम्पलला परवानगी लागते हे कंपन्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किट (अपील) न्यायालयाने फंकाडेलिक या बँडच्या दोनेक सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यालाही परवाना हवा असं ठरवलं. २०१६ मध्ये नवव्या सर्किटने मॅडोनाच्या गाण्यातल्या ०.२३ सेकंदाच्या ब्रासच्या ठोक्याबाबत उलट मत दिलं. जेम्स न्यूटनच्या बासरीचा तुकडा सहा सेकंदांचा होता आणि त्यात तो वापरणारे बीस्टी बॉइज (हिप-हॉप गट) जिंकले. पण रेकॉर्डिंगचा परवाना त्यांनी आधीच घेतला होता, वाद फक्त रचनेचा होता. सेकंद मोजून कुणी सुटत नाही.

‘फक्त प्रमोशनसाठी’ या शिक्क्याचीही तीच गत. जानेवारी २००७ मध्ये अटलांटात डीजे ड्रामा आणि डॉन कॅनन या डीजेंना मिक्सटेपच्या सीडींवरूनच अटक झाली. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं रेकॉर्डिंग २०५३ अखेरपर्यंत मोकळं नाही. मोकळेपणाने वाटण्यासारखं बरंच आहे: तुम्ही स्वतः काढलेली गाण्यांची यादी, टॅब-कवच-लेबलाची वर्णनं, वेगाची टिपणं, कुठल्या प्रतीत कुठे खड्डा आहे याची नोंद. यावरूनच दुसऱ्या संग्राहकाला कळतं की त्याच्याकडची प्रत तुमच्यापेक्षा चांगली आहे का.

‘कॅसेट विकून टाका’

उद्या अझिमथ जास्त नीट लावता येईल, डेक बरा मिळेल, तेव्हा पुन्हा उतरवायला लागेल ती कॅसेटच. कव्हरची कार्डं दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा, फाइलीचा एसएचए-२५६ (फाइल बदलली तर बदलणारा ओळख-आकडा) काढून शेजारी ठेवा, तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभी, हवाबंद डब्यात ठेवा. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक असू द्या. काटा ४० टक्क्यांच्या आसपास राहिला की पुरे. स्पीकर आणि मोटरपासून डबा लांब ठेवा. सांभाळणं शक्यच नसेल तर संग्रहालयाला विचारा: कॉर्नेल विद्यापीठात २००७ पासून हिप-हॉपचा स्वतंत्र संग्रह आहे, डीजे स्क्रूच्या रेकॉर्ड ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. आणि विकायचीच वेळ आली, तर कुठल्या डेकवर, कुठल्या वेगाने वाजवली आणि कुठला भाग बदलला, हे कागदावर लिहून कॅसेटच्या डब्यात घाला.