मराठी फाइलची वाट लावण्याचा खात्रीशीर मार्ग

फाइल पाठवताना एन्कोडिंग कोणतं, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने बाइटमध्ये साठवली आहेत, हे चुकूनही सांगू नका. 'मराठीत आहे' एवढं पुरे.

लिनक्सवर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तयार झालेली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, विंडोजवर सरळ डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडा. सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ (बाइट इथे सोळा-आधारी अंकांत) हे तीन बाइट, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी बीओएम ही खूण, नसली की एक्सेल ती जुन्या कोडपेजने, म्हणजे विंडोज-१२५२सारख्या एका बाइटला एक चिन्ह नेमणाऱ्या तक्त्याने, वाचतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं. त्यामुळे 'क'च्या जागी डोक्यावर तिरका फराटा असलेला रोमन ए, चार मिशा फुटलेलं वर्तुळ आणि एक ठसठशीत ठिपका उमटतो.

इथवर काहीच बिघडलेलं नसतं, हीच अडचण. फाइल तशीच बंद केली तर बाइट शाबूत राहतात. म्हणून लगेच 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करा. 'डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीने आणा, फाइल ओरिजिन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा' असं सांगणारा एखादा भेटेलच. त्याला वेळ आहे, तुम्हाला नाही.

सेव्ह करण्याचा लाभ पुढे कळतो. विंडोज-१२५२मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या बाइटना चिन्हच नेमलेलं नाही. आता पाहा, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, 'झ'चा ९डी. काही प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह ठोकून मोकळे होतात. मग कोणी नेटाने मजकूर परत आणला तरी 'मुख्य'चं 'मखय' होतं, मध्ये कचरा वेगळाच.

दुरुस्ती करायचीच असेल तर आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनाला दिशा चुकीची द्या. बिघडलेली फाइल यूटीएफ-८मधून विंडोज-१२५२मध्ये नेली की मूळ बाइट परत मिळतात, हे ऐकायला विचित्र वाटतं. तेव्हा नेमकं उलटं करा. 'क'चे तीनाचे सात बाइट आधीच झालेले असतात, आता साताचे पंधरा होतील.

एवढा खटाटोप नको असेल तर नोटपॅडमध्ये एएनएसआय, म्हणजे तेच जुनं कोडपेज, निवडून सेव्ह करा. ते इशारा देतं, पण ओके दाबायला कितीसा वेळ लागतो? सगळी देवनागरी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात, कायमची. बाकीच्या उपायांत थोडी तरी आशा उरते, यात ती भानगड नाही.

मॅकवाल्यांनी फाइलच्या नावात 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्या' असं काही जरूर घालावं. जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन तुकडे ठेवते. लिनक्स अखंड आणि फोडलेला 'ऱ' वेगळे मानतं, त्यामुळे तिथे मग एकाच फोल्डरमध्ये सारख्याच दिसणाऱ्या दोन फाइली सुखाने नांदतात. कन्व्हएमव्ही हे फाइलींची नावं बदलणारं साधन एनएफसी, म्हणजे तुकडे जोडण्याच्या, पर्यायासह चालवलं तर नावं एकसारखी होतात, आणि 'नोटेस्ट' दिल्याशिवाय ते काही बदलत नाही, नुसतं दाखवतं. इतकं सभ्य साधन वापरू नका.

रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फॉन्टच नसतो, डेटा ठणठणीत असतो. तरी रूपांतर कराच.

मदत मागताना फाइल नको, स्क्रीनशॉट पाठवा. फाइल हाती आली की जाणकार एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या साधनाने पहिले १६ बाइट बघतो: ई० ए४ म्हणजे धडधाकट, सी३ ए० म्हणजे दोनदा एन्कोड झालेली, एफएफ एफई म्हणजे यूटीएफ-१६ हे वेगळंच एन्कोडिंग, ओळीने ३एफ, अर्थात प्रश्नचिन्हं, म्हणजे कारभार आटोपलेला. एवढ्या चटकन निदान झालं तर फॉरवर्ड करायला उरलं काय?