दादा, गड मोकळा करून काय बघणार?

घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं तेव्हा मी तुर्कस्तानात, कॅपाडोकियातल्या गोरेमे गावात एका मिनीबसमध्ये बसून होते. सकाळचे साडेनऊ. गाडी चौथ्या हॉटेलासमोर उभी, आणि आम्ही सगळे कुठल्याशा जोडप्याची वाट बघतोय. (एका दिवसाच्या असल्या सहलीत पहिला तास दुसऱ्यांच्या हॉटेलांची दारं बघण्यातच जातो.) फोन उघडला तर दादाचा मेसेज.

"युनेस्कोत नाव लागून एवढे दिवस झाले, आता तरी गड मोकळा करा म्हणावं. टपऱ्या, घरं, हॉटेलं, सगळी खाली उतरवा. परदेशात असलं चालवून घेत नाहीत. काय गं, बरोबर ना?"

शेवटचा प्रश्न मला. सोळा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टात काढल्यामुळे घरात माझं एक पद ठरून गेलंय, परदेशातली साक्षीदार. खड्डे, रांगा, हॉर्न, कशावरूनही वाद झाला की मला उभं करायचं, आणि साक्ष ठरलेलीच द्यायची. मीही आजवर ती दिलेली आहे, मिटक्या मारत. त्या दिवशी मात्र डोकं फिरलं.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. पन्हाळ्यावर तटाच्या आत अख्खं गाव नांदतं. नगरपरिषद आहे, शाळा आहे, तीनेक हजार माणसं आहेत. शिलाहार भोजाच्या काळापासून त्या डोंगरावर कुणी ना कुणी चूल पेटवत आलंय. दादाही त्याच तटाच्या आत जन्मला, दहावीपर्यंत तिथंच वाढला. आता बाणेरला चौदाव्या मजल्यावर राहतो, आणि तिथून त्याला गड मोकळा दिसायला हवाय.

जोडपं आलं एकदाचं. गाडी सुटली.

कॅपाडोकियाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, बलूनवाले. त्यामुळे बलूनचं सोडून देते. खाली जे आहे ते असं, की इथल्या ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी जी राख ओतली तिचा मऊ, पांढुरका दगड झाला. त्यावर कुठं कुठं टणक दगडाचा थर. पाऊस-वारा मऊ दगड खात गेला आणि टणक तुकड्याखालचा तेवढा वाचला. म्हणून डोक्यावर काळी टोपी घातलेले दगडी सुळके जागोजाग उभे. तुर्कीत त्यांना 'पेरी बाजासी' म्हणतात, म्हणजे परीचं धुराडं. परी त्यांची आणि आपली एकच. दुकान, साबण, सरबत, हवा हे शब्दही दिवसभर कानावर पडत होते. जर्मन शिकायला मला चार वर्षं लागली, इथं पहिल्याच दिवशी निम्मी पाटी वाचल्यासारखं वाटलं.

आपलं वेरूळ आठवणं भागच होतं. पण आपला कातळ काळा आणि कडक. कैलास लेणं कोरायला राष्ट्रकूटांचा खजिना लागला, आणि वरून खाली उतरत गेलेल्या किती पिढ्यांच्या छिन्न्या. इथला दगड आत मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. त्यामुळे शेतकऱ्यानं कुदळ घ्यायची आणि घरात पोरगं झालं की मागं आणखी एक खोली काढायची. आपल्याकडे लेण्यात देव आणि भिक्खू राहिले, इथं देवाशेजारी म्हशीही राहिल्या.

पाशाबाग नावाच्या जागी दगडांची टोपीवाली रांगच आहे. तिथं पुढून एक मराठी ग्रुप आला, पंचवीसेक जण, गळ्यात एकाच रंगाची ओळखपत्रं. "अगं बाई, ही तर अळंबीच की!" एक काकू ओरडल्या. इतकं नेमकं वर्णन गाइडलाही जमलं नव्हतं. मी तोंड उघडून हसायला हवं होतं. मी काय केलं, तर नवऱ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागले. नवरा साताऱ्याचा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

आमचा गाइड पन्नाशीचा, जर्मन अस्खलित, तेही मानहाइमच्या हेलात. १९६१ मध्ये जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, त्यानंतर त्याचे वडील तिकडं गेले. हा तिथंच जन्मला आणि विशीत परत आला. गावात त्याला अजून 'अल्मान्जी' म्हणतात, म्हणजे जर्मनीवाला. म्हणताना नाक जरा वर जातं, असं त्यानं स्वतःचं नाक वर करून दाखवलं.

दुपारी त्यानं आम्हाला झेल्वेत नेलं. तीन दऱ्या, आणि दोन्ही अंगांच्या कड्यांत पोखरलेलं अख्खं गाव. घरं, गिरणी, चर्च, दगडातली मशीद आणि तिचा छत्रीएवढा मिनार. वर कबुतरखान्यांची भोकं. कबुतरांची विष्ठा द्राक्षबागांना खत म्हणून घालत. खालच्या एका खोलीत गेलो. छत काजळीनं काळंभोर, हात लावला तर बोटाला काहीच लागेना, इतकी ती काजळी दगडात मुरलेली. जमिनीत रांजणाच्या तोंडाएवढा खड्डा, तो तंदूर. भिंतीत दिव्याचा कोनाडा. आणि कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीवर दगडातच आरपार पाडलेलं भोक, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. जनावराचा कासरा बांधायला. आत्याच्या गोठ्यातल्या खुंट्याची कड अशीच झाली होती.

"१९५२ मध्ये सरकारनं गाव उठवलं," गाइड म्हणाला. कडे कोसळत होते. माणसांना दोनेक किलोमीटरवर नवीन गावात वसवलं, आणि १९६७ पासून हे संग्रहालय झालं. मग त्यानं दरीपलीकडं वर बोट केलं. दोर लावून बंद केलेल्या भागात एक चौकोनी भोक दिसत होतं. "ती माझ्या आजीची खोली. नव्या घरात तिला थंडी वाजायची. मरेपर्यंत तिची एकच तक्रार होती, की या भिंती पातळ आहेत." आम्ही फोटो काढले. त्याच्या आजीच्या खोलीचे. तो शांतपणे बाजूला झाला, फोटोत येऊ नये म्हणून.

इथं मला दादासाठी उत्तर सापडलं असं वाटलं, आणि तिथल्याच पायरीवर बसून मी ते लिहिलं. की बघ, एक गाव रिकामं केलं तर असं होतं. काजळी राहते, चूल जाते. तिकीट लागतं. तेही परदेशी माणसाला युरोत. आणि हे एकट्या झेल्वेचं नाही. त्याच १९५२ साली इटलीनं मातेरातल्या गुहांमधून पंधराएक हजार माणसं कायदा करून हलवली. त्या वस्तीला तेव्हा देशाची लाज म्हणत. आता त्याच गुहांत रात्रीचे दर विचारून घाम फुटतो. म्हणजे गरीब राहिला तर अतिक्रमण, आणि पाहुणा राहिला तर वारसा!

(मी स्वतः गोरेमेत गुहेतल्याच हॉटेलात उतरले होते, जमिनीखालून गरम होणाऱ्या. हे दादाला लिहिलं नाही.)

पुढं होहेनत्सोलर्नचा किल्ला काढला, आमच्यापासून तासाभरावरचा. राजघराण्याचे वंशज आजही मालक आहेत आणि किल्ल्यात उपाहारगृह आहे. तिथं तटाला टेकून माउलटाशेन, म्हणजे तिकडची सारण भरलेली पाकिटं, खाताना कुणाचं पावित्र्य भंगत नाही. मग आपल्या मावशीच्या झुणका-भाकरीनंच पन्हाळ्याला काय होतं? आणि शेवटी रायगडावरची हिरकणी. दूध घालायला गड चढणारी गवळण. तिच्या नावाचा बुरूज आपण पोरांना कौतुकानं दाखवतो. उद्या ती चरवी घेऊन दारात उभी राहिली तर तुझ्या यादीत ती कुठं बसेल, दादा? विनापरवाना विक्रेत्यांत?

हिरकणीवर मी खूश होते. चार भाच्यांनी टाळ्या पाठवल्या.

आता जे लिहिलं नाही तेही सांगते. झेल्वेतले कडे खरंच कोसळत होते, माणसं काही हौसेनं हलवली नव्हती. पन्हाळ्यावर तटाला चिकटून स्लॅब टाकणारे आहेत, दरीत ढकललेला प्लास्टिकचा कचरा आहे, त्यांची बाजू मीही घेत नाही. गेल्या दिवाळीत गडाच्या 'तीन दरवाजा' नावाच्या दारापाशी कणसं भाजणाऱ्याच्या स्पीकरला मीच नाक मुरडलं होतं, तेही "आमच्याकडे" असं म्हणून. आमच्याकडे म्हणजे कुठं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

गाडी अवानोसकडं निघाली. तिथं किझिलिरमाक नदीच्या लाल मातीची भांडी करतात, आणि सहलवाल्यांना ठरलेल्या दुकानात थांबावंच लागतं. चाकावर कुंभार, हातात चहाचा इवला पेला, आणि बाहेरच्या दारापर्यंत पोचायला चार दालनं विक्रीची. वाटेत गाइड १९२३ चं सांगत होता. ग्रीस आणि तुर्कस्ताननं माणसांची अदलाबदल केली, धर्म बघून. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती तिकडं, चारेक लाख मुसलमान इकडं. या भागातले बरेच ख्रिस्ती घरात तुर्कीच बोलायचे, फक्त ग्रीक अक्षरांत लिहायचे. त्यांना ग्रीसला 'मायदेशी' पाठवलं. तिथं गेल्यावर शेजाऱ्यांना यांचं बोलणंच कळेना.

बसमधले सगळे जर्मन हळहळले. मी खिडकीतून बघत होते. पाशाबागेतल्या काकू आठवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दादानं टाळ्यांची दखलही घेतली नव्हती.

"हिरकणी संध्याकाळी घरी जाणारी बाई होती. तिला खाली घर होतं. वर राहायचं म्हणजे काय ते मला विचार. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी. आईला रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा धुक्यात बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. कोल्हापूर वीस किलोमीटर. वीसच. तू तेव्हा फ्रँकफुर्टात विमानाची वाट बघत होतीस. तुला गडावर माणसं हवीत ना? ये की मग. घर उघडंच आहे, कुलूप तेवढं काढायचं."

ग्रुपवर एकदम शांतता. भाच्यांनी टाळ्या मागं घेतल्या नाहीत, पण नव्याही दिल्या नाहीत.

मला राग आला होता तो दादाच्या मुद्द्याचा, की त्यानं मला साक्षीला बोलावल्याचा, हे मला आजतागायत नीट सांगता येत नाही. मला पन्हाळा भरलेला हवा आहे हे खरं. सकाळी अंबरखान्याकडून चालत गेलं की कुणीतरी दारात रांगोळी काढत असावं, कुणीतरी "कवा आलीस?" म्हणावं, कुणाच्या तरी चुलीवर भाकरी फुगावी. पण ही माणसं मला कोणत्या दिवसांत हवीत, तर डिसेंबरातल्या दोन आठवड्यांत. बाकीचे पन्नास आठवडे त्यांनी बुरशी पुसायची. दादा निदान स्वतःचं घर सोडून गेला आणि आता म्हणतोय, सगळेच जा. मी सोडून गेले आणि म्हणतेय, तुम्ही थांबा.

परत आल्यावर महिनाभर आमचं बोलणं झालं नाही. मागच्या रविवारी केरवोखंची, म्हणजे जिना साफ करायच्या पाळीची पाटी आमच्या दाराला होती, म्हणून जिना पुसत होते. दुसऱ्या मजल्यावरची तुर्की आजी, कॅपाडोकियातल्याच नेव्शेहिरकडची, पायरीवर थांबून माझं पुसणं तपासत होती, कोपरे राहिले म्हणाली. तिला मी झेल्वेचे फोटो दाखवले. तिनं चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ नेला, मोठे करून करून बघितले, आणि विचारलं, "माणसं कुठायत?" फोटोत मी होते, नवरा होता, बसमधले आठ जण होते.

वर आल्यावर दादाचा मेसेज दिसला, ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"दिवाळीत येणार असशील तर माझ्याकडून किल्ली घेऊन जा. येताना तेलाची बाटली आण. कुलूप गंजलंय, गेल्या वेळी मला उघडलं नाही."