आवडती ओळसुद्धा फळ्यावरूनच उतरवायची?

काल रात्री अकरा वाजता लेक जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली होती. दहावीत आहे, इंग्रजी माध्यम, स्टेट बोर्ड. इंग्रजीची फेअर वही अर्धवट राहिली म्हणून अगदी रडकुंडीला आलेली. म्हटलं, दे, मी वाचून दाखवते, तू लिही, पटापट होईल. आणि वाचता वाचता माझं डोकंच सणकलं.

कवितेचं रसग्रहण होतं. रवींद्रनाथ टागोरांची कविता, मन निर्भय असलेल्या देशासाठी केलेली प्रार्थना. पुस्तकात अगदी सुरुवातीलाच आहे. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. ठीक आहे, मुद्दे असावेत, मुलांना धरायला काहीतरी लागतं. पण त्यातला एक मुद्दा असतो ‘आवडती ओळ’. ती आवडती ओळ मॅमनी फळ्यावर लिहून दिली होती! कवितेची शेवटची ओळ, कारणासकट. वर्गात ५२ मुलं आहेत. त्या ५२ जणांना एकच ओळ आवडायची, एकाच कारणासाठी आवडायची, आणि ते कारणही शब्दाला शब्द तेच लिहायचं.

माझ्या मुलीला दुसरीच ओळ आवडली होती. शब्द सत्याच्या खोलीतून येतात, ती. तिने लिहिलं होतं की आम्ही वर्गात दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणतो, मनापासून एकदाही म्हणत नाही, म्हणून मला ही ओळ आवडते. पंधरा वर्षांच्या पोरीने शंभर वर्षांपूर्वीची कविता उचलून स्वतःच्या बाकावर आणून ठेवली. रसग्रहण म्हणजे आणखी वेगळं काय असतं हो? त्यावर लाल पेनाने या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ, आणि समासात ‘रेफर नोट्स’. व्याकरणाची चूक नाही, स्पेलिंगची नाही. चूक एवढीच की ते तिचं होतं.

हेही कोणाच्या कवितेबद्दल, तर टागोरांच्या. ज्या माणसाला शाळेच्या चार भिंती सहन झाल्या नाहीत, ज्याने १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली शाळा भरवली. पोथ्यांची पानं चोचीत कोंबून कोंबून मारलेल्या पोपटाची गोष्ट याच माणसाने लिहून ठेवली आहे. या कवितेतच मेलेल्या सवयीच्या वाळवंटाचा उल्लेख आहे. त्या वाळवंटाचा अर्थ मुलांनी फळ्यावरून उतरवून घेतला, अधोरेखित केला आणि वही मिटली.

धडे ‘वाचतात’ कसे, तेही सांगते. पहिल्या बाकापासून एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. आपला नंबर येईपर्यंत प्रत्येक मूल आपलाच परिच्छेद मोजून त्यातले अवघड शब्द पुटपुटत बसतं. बाकीच्या धड्यात काय चाललंय याचा कोणालाच पत्ता नाही. मग पेन्सिल काढायची. ‘इथे कंस करा. इथपासून इथपर्यंत दुसऱ्याचं उत्तर. पुढच्या पानावर तिसऱ्याचं.’ माझ्या मुलीचं पुस्तक उघडून बघा, पानोपानी कंस. धडा संपतो तेव्हा मुलांच्या हातात उत्तरं असतात, धडा कुणीच वाचलेला नसतो. घरी येऊन तेच उत्तर निळ्या पेनाने आणि प्रश्न काळ्या पेनाने उतरवायचा. काळं पेन सापडलं नाही म्हणून मागच्या महिन्यात पूर्ण पान परत लिहायला लावलं होतं.

बरं, परीक्षा तरी तशीच असते का? नाही! बोर्डाच्या पेपरात न पाहिलेला उतारा असतो. उताऱ्याखाली ‘पर्सनल रिस्पॉन्स’चा प्रश्न असतो, तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते लिहा म्हणून. पेपर काढणारे मुलांचं मत मागतायत आणि आम्ही दहा वर्षं मुलांना शिकवतोय की मत द्यायचं नसतं, उतरवून घ्यायचं असतं. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन कुठलंही गाईड चाळा, पाठ्यपुस्तकातल्या पर्सनल रिस्पॉन्सचीसुद्धा तयार उत्तरं छापलेली असतात. ‘माझं मत’ विकत मिळतं, आणि मी ते विकत आणलंय, कारण वर्गात पहिल्याच आठवड्यात आणायला सांगितलं होतं.

पण खरी तिडीक गेली ती पत्राने. तक्रारपत्र लिहा, विषय अनियमित पाणीपुरवठा. आम्ही नऱ्ह्यात राहतो. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं, पण आमच्या सोसायटीचं अजून टँकरवर भागतं. मुलीला विषय शोधायला लागला नाही. तिने सरळ लिहिलं, इंग्रजीत, ‘द टँकर कम्स ॲट टू ॲट नाइट अँड माय ग्रँडमदर वेक्स अप टू फिल द ड्रम्स.’ पुढे लिहिलं होतं की आजीचे गुडघे दुखतात, म्हणून बादल्या मी उचलते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मला झोप येते. मी वाचलं आणि दोन मिनिटं गप्पच झाले. पोर बादल्या उचलते हे मला ठाऊक होतं. तासाला झोप येते हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, त्या पत्रात सांगितलं.

पूर्ण परिच्छेद खोडला. बाजूला नोट्समधलं वाक्य लिहायला सांगितलं, ‘द रेसिडेंट्स आर फेसिंग अनटोल्ड हार्डशिप्स.’ पोरीने मला विचारलं, ‘आई, अनटोल्ड म्हणजे न सांगितलेले ना? मग मी सांगितले तर का खोडले?’

काय उत्तर देऊ मी? सांगा ना कुणीतरी.

मागच्या ओपन हाऊसला, म्हणजे पालकांनी मॅमना भेटायच्या दिवशी, मी हळूच विषय काढला होता. तर मॅम म्हणे, ‘स्वतःच्या मनाचं लिहिलं की मार्क जातात हो, आम्ही मुलांच्या भल्यासाठीच सांगतो.’ रांगेत मागे उभे असलेले दोन पालकही लगेच माना डोलवायला लागले, त्यांचा जास्त राग आला. मॅमवर किती ओझं असतं ते मला कळतं. ५२ वह्या, पोर्शन संपवायचा, वर शाळेची शंभर कामं. पण सारख्या ५२ वह्या तपासायलाही वेळ लागतोच ना? आठवड्यातून एकदा पाच ओळी मुलांच्या मनाच्या लिहून घ्या. सगळ्या नका तपासू. दहा तपासा. नाहीच जमलं तर निदान खोडू तरी नका.

मी नाना पेठेतल्या मराठी शाळेत शिकले. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आमच्या सरांचे उच्चार अस्सल गावरान. पण दर शनिवारी ते सांगायचे, शाळेत येताना काय दिसलं ते पाच वाक्यांत लिहा, चुकलं तरी चालेल. मी लिहायचे मंडईतल्या बैलगाडीबद्दल, शेजारच्या सायकल दुकानाबद्दल. चुका ढीगभर व्हायच्या. सर खाली बरोबर वाक्य लिहायचे, माझं वाक्य मात्र तसंच ठेवायचे. त्या पाच वाक्यांच्या जोरावर आज मी ऑफिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते. माझी मुलगी बालवाडीपासून इंग्रजीत शिकतेय, माझ्यापेक्षा दसपट शब्द तिला येतात, आणि कोरा कागद समोर आला की पहिला प्रश्न विचारते, ‘कुठून लिहू?’ काय लिहू असं नाही विचारत. कुठून!

बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, बोर्ड शिवाजीनगरला. सगळ्या महाराष्ट्राची पुस्तकं आणि परीक्षा ज्या शहरात ठरतात, त्या शहरातली ही गत. पुस्तकात स्वाध्यायाखाली ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं छापलेलं असतं. ते मी काल बोट ठेवून मुलीला दाखवलं. ती म्हणाली, ‘आई, ते तसंच असतं गं, मॅम ते वाचत नाहीत.’

शनिवारी परत ओपन हाऊस आहे. या वेळी रजा टाकलीये, घाई नाही. वही पिशवीत भरून ठेवली आहे, पत्राच्या पानाला खूण घातली आहे. टँकरच्या त्या वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारणार आहे, मॅम, यातला चुकलेला शब्द मला दाखवा.